पांढऱ्या सीटवरचा डाग

१

शनिवारी दुपारी चार वाजता मी आयुष्यात पहिल्यांदा खून झालेला माणूस पाहिला. आणि तो माणूस रोज मला विचारायचा, "काय क्रांती, आज कुणाशी भांडलीस?"

अण्णाप्पा, म्हणजे आमचे अण्णा, सांगलीच्या मार्केट यार्डातले हळदीचे जुने व्यापारी. माझे पप्पा जोतीराम त्यांचे ड्रायव्हर. अठरा वर्षं फौजेत, त्यानंतर नऊ वर्षं अण्णांच्या गाडीवर. दर शनिवारी ट्यूशन संपली की मी पेढीवर यायची आणि पप्पांबरोबर घरी जायची. त्या दिवशी पप्पा म्हणाले, "अण्णांना विचारून येऊ, सुटी हाय का." म्हणून आम्ही पेढीमागच्या गोदामात शिरलो.

हळद पुडीची दोन पोती फुटली होती. जमिनीवर घोटाभर पिवळा ढीग, आणि त्यात अण्णा पालथे. डोक्याची मागची बाजू आत दबलेली. जबडा एका अंगाला सरकलेला. उजव्या हाताची बोटं नको त्या दिशेला वळलेली, म्हणजे मार अडवायला त्यांनी हात वर केला असणार. शेजारी पाच किलोचं लोखंडी वजन पडलं होतं आणि त्याला पांढरे केस चिकटले होते. रक्त आणि हळद मिसळून तपकिरी चिखल झाला होता.

"अण्णा! आवं अण्णा!" पप्पांनी त्यांना उचलून मांडीवर घेतलं. उपयोग नव्हता.

माझी किंकाळी ऐकून पहिला धावत आला तो अण्णांचा मुलगा भरतेशदादा. त्यानं एकदा वडिलांकडे पाहिलं, एकदा पप्पांच्या रक्तानं भरलेल्या हातांकडे, आणि कमरेचा पट्टा उपसला.

"तूच! नोकरी जाणार म्हणून जीव घेतलास म्हाताऱ्याचा!"

पट्ट्याचं बक्कल पप्पांच्या भुवईवर बसलं. मग कानावर. मागून आलेल्या हमालांनी लाथा घातल्या. पप्पांनी एकदाही हात उगारला नाही, अण्णांचं डोकं खाली आपटू नये म्हणून तसेच धरून बसले. मग मी मध्ये पडले. पप्पांना मिठी मारली आणि भरतेशदादाच्या मनगटाला रक्त येईपर्यंत चावले. हो, चावले! शाळेचा पांढरा शर्ट पिवळा-लाल झाला तो तेव्हा.

पोलीस आले. फौजदार सोनिया मॅडम. गेल्या महिन्यात त्या आमच्या शाळेत भाषणाला आल्या होत्या आणि मी त्यांना अकरा प्रश्न विचारले होते. मला बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"तू परत?"

पप्पांना जीपमध्ये बसवलं. भुवईतून रक्त गळत होतं. "सोमवारी कोर्टात उभं करावं लागेल," मॅडम हळूच म्हणाल्या. "प्रेताजवळ हाच सापडला. दुपारी कुठे होता तर म्हणे झाडाखाली गाडीत झोपला होता. साक्षीला कोण? झाड?"

पप्पा जाळीतून म्हणाले, "क्रांते, रडायचं न्हाई. डोळं उघडं ठेवायचं."

माझ्या हातात एक रविवार होता.

२

भरतेशदादा नोकरीचं काय म्हणाला, ते कळायला त्याच दिवशीची दुपार सांगावी लागेल.

साडेबाराला मी पप्पांचा डबा घेऊन पेढीवर गेले, तर दारात एक गाडी! लांबलचक, पांढरी, इलेक्ट्रिक, आत सायीसारख्या सीटा. साताऱ्याहून ऋषिराज नावाचा माणूस ती घेऊन आला होता. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट. गाडी विकायची नव्हती, लीजवर द्यायची होती. तीन वर्षं वापरायची, महिन्याला भाडं भरायचं, मग परत. भरतेशदादाला ती इतकी हवी होती की तो तिच्याभोवती लग्नातल्या करवल्यासारखा फिरत होता.

"महिन्याला एक लाख साठ हजार," ऋषिराज म्हणाला.

अण्णा गादीवर मांडी घालून बसले होते. "गाडी भाड्यानंच घ्यायची हाय न्हवं? मग भाड्याच्या घरागत बोलू. गळती कुणी काढायची, ते आधी सांग."

आणि मग जी मजा सुरू झाली! वर्षाला किलोमीटर किती? वीस हजार. वर गेली तर? किलोमीटरला पंचवीस रुपये. "मग तीस हजार धर, आमचं निम्मं आयुष्य पुण्याच्या रस्त्यावर जातंय." धरले. टायर कुणाचे? विमा कुणाचा? मध्येच परत केली तर दंड किती? "सहा महिन्यांचं भाडं? येडा का खुळा? दोन महिन्यांचं." बॅटरी बसली तर? ऋषिराज घाम पुसत होता आणि अण्णा एकेक अट पेन्सिलीनं कागदावर लिहून घेत होते.

"आणि सर, ड्रायव्हर आमच्याकडूनच, पॅकेजमध्ये," ऋषिराज म्हणाला.

दारात उभ्या पप्पांचा चेहरा मी पाहिला. अण्णांनी मान वर केली नाही. कागदावर काहीतरी लिहिलं, बस्स.

मग ते उठून गाडीत जाऊन बसले. सीटखाली हात घातला, गालिच्याची कड उचकटली, आत बोटं फिरवली आणि नाकाशी नेली, हळकुंडाचा वास घेतात तशी. परत येऊन गादीवर बसले.

"लालासाहेब, टॉवेल टाका."

लालासाहेब काका त्यांचे भागीदार. त्यांनी हसत खांद्यावरचा टॉवेल अण्णांच्या आणि ऋषिराजच्या हातांवर टाकला. आमच्याकडे जुने व्यापारी अजून असाच भाव करतात. टॉवेलखाली एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगायचा. तोंडानं ब्र काढायचा नाही, म्हणजे आकडा दोघांतच राहतो. ऋषिराजला ही रीत आदल्या खेपेला काकांनीच शिकवली होती.

"हजारात," अण्णा म्हणाले आणि टॉवेल हलला.

ऋषिराजनं चटका बसल्यासारखा हात ओढून घेतला. पांढराफटक!

"चार वाजेपर्यंत इचार कर," अण्णा शांतपणे म्हणाले. "मग मी तोंडानं सांगतो. सगळ्या यार्डाला."

चारला अण्णांना तोंडच राहिलं नव्हतं.

३

संध्याकाळी दिवेलागणीच्या आत मी तिघांना गाठलं. सोनिया मॅडम त्यांचे जबाब घेत होत्या आणि मी खांबामागे नव्हे, सरळ समोर उभी होते.

भरतेशदादा पायरीवर बसला होता. मनगटाला माझ्या दातांची पट्टी.

"दोन वाजता भांडलो मी त्यांच्याशी," तो म्हणाला. "एवढी चांगली गाडी, म्हातारा आकडा सांगंना. म्हणाला, तू त्या गाडीत बसलेला मला बघवायचं न्हाई. मी तडक घरी गेलो. तीनला जेवलो आणि चारला परत आलो. विचारा चंदनाला."

"बायकोची साक्ष," मॅडम म्हणाल्या.

"मग काय शेजारणीची आणू?" तो ओरडला आणि लगेच हुंदका आला. "शेवटचं बोलणं भांडणाचंच झालं माझं."

लालासाहेब काका दुसऱ्या पेढीवर सौद्याला होते, पण मधली वीस मिनिटं कुणाला दिसले नव्हते. "मुतायला गेलतो, त्याचा काय पुरावा देऊ?" ते चिडले. मग हळू आवाजात, "अडीचला अण्णा भेटलता. म्या इचारलं, किती बोललास? तर हसला. म्हणला, भंगाराचा भाव केला."

"म्हणजे?"

"देव जाणं. अण्णा कोडी घालायचा, उत्तर उद्या द्यायचा."

ऋषिराजचा जबाब मॅडमनी स्पीकरवर घेतला. तो साताऱ्यात पोचला होता. "मी दोनलाच निघालो मॅडम. गोदामात तर मी पाऊलही टाकलेलं नाही, फक्त गादीवर बसलो. फार वाईट झालं. तो ड्रायव्हर मला सकाळपासून खुनशी वाटत होता."

मला फोनमध्ये हात घालून त्याचा गळा धरावासा वाटला.

गोदामाला मागच्या गल्लीत एक दार होतं. यार्डाच्या गेटचा कॅमेरा महिनाभर बंद. पेढीच्या ओट्यावर दुपारभर हळकुंडं निवडत बसली होती ती हरणामावशी.

"मावशी, मागनं कुणाची गाडी आली?"

"न्हाई गं बाई. गाडी आली तर ऐकू येतीया की. तुज्या बापाची डिझेल गाडी तर वेशीपास्नं कळती. सगळं शांत हुतं." हातातलं हळकुंड तिनं थांबवलं. "एक कुत्रं तेवढं केकाटलं. लय वंगाळ. चाकाखाली गावल्यागत."

मी मागच्या गल्लीत पळाले. ते कुत्रं उकिरड्याजवळ पडलं होतं. मागचा पाय मोडून लोंबत होता. मला बघून गुरगुरलं सुद्धा नाही बिचारं.

चाक होतं. पण आवाज नव्हता.

४

आई मावशीच्या बाळंतपणाला पाटणला. शेजारच्या काकूंनी मला जेवायला घातलं. मी मोरीत बसून शर्ट धुवायला घेतला, कारण हातांना काहीतरी हवं होतं. साबण लावला आणि पिवळे डाग लालभडक झाले. ते होतातच, पप्पांचे शर्ट मीच धुते ना. त्याला उपाय लिंबू आणि ऊन. काकूंकडे लिंबू नव्हतं. तसाच वाळत टाकला.

रविवारी सकाळी सातला मी पोलीस चौकीत हजर.

"मॅडम, इलेक्ट्रिक गाडीला आवाज नसतो."

सोनिया मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. कुत्र्याचं ऐकलं. मग म्हणाल्या, "कुत्र्याची साक्ष कोर्टात चालत नाही. पण मी ऋषिराजची सही घ्यायला साताऱ्याला निघालेच आहे. तुझा मामा साताऱ्यात ना? तुला तिथे सोडते. इथे हमालांची डोकी फिरलेली आहेत, एकटी राहू नकोस."

कराडला मिसळीला थांबलो तेव्हा मी दोन लिंबं विकत घेऊन पँटच्या खिशात टाकली. "मिसळीला देतात की गं फुकट," मॅडम म्हणाल्या. "शर्टाला हवीत," मी म्हटलं. सोमवारी शाळा होती. बाप कोठडीत असला तरी गणवेश पांढराच लागतो.

साताऱ्यात हायवेच्या कडेला त्यांचं ऑफिस आणि मागे मोठं आवार. ऋषिराज हसत सामोरा आला. "या मॅडम. ही ताई कोण?"

"ड्रायव्हरची मुलगी," मी म्हटलं. त्याचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे त्यातून निघून गेले.

पांढरी गाडी आवारात उभी होती. मॅडम सही घेत होत्या तेवढ्यात मी गाडीपाशी गेले. दार उघडंच होतं. काल सगळ्या सीटा उघड्या होत्या. आज ड्रायव्हरच्या सीटवर काळं कव्हर. मी कव्हर वर केलं.

पाठीच्या जागी, मांडीच्या जागी, सायीसारख्या कातड्यावर लाल डाग. घासून घासून पसरलेला.

"मॅडम!"

दोघंही धावत आले. ऋषिराज एक क्षणही अडखळला नाही. "अहो, ते माझंच रक्त. काल सांगलीहून येताना घोळणा फुटला माझा. उन्हाचा त्रास आहे मला."

"धुतलं नाहीत?" मॅडमनी विचारलं.

"धुतलं ना! साबणानं तीनदा घासलं. जितकं घासावं तितकं लाल. रक्ताचा डाग फार चिवट हो."

मॅडमनी मान हलवली. "तपासायला पाठवू. अहवालाला पंधरा दिवस."

पंधरा दिवस! आणि उद्या पप्पा कोर्टात. मी त्या लाल रंगाकडे बघत राहिले. हा रंग मी काल मोरीत बघितला होता. अगदी हाच.

मी खिशातून लिंबू काढलं, दातांनी फोडलं आणि डागावर पिळलं.

५

लाल रंग आमच्या डोळ्यांदेखत पिवळा झाला. जिथे जिथे थेंब पडला, तिथे तिथे हळदी ठिपका.

"ऋषिराजदादा," मी विचारलं, "तुमचा घोळणा फुटला की हळद येते का हो?"

 आणि मी बोलत सुटले, भडाभडा.

"मॅडम, हे रक्त नाहीच. हळद आहे. हळदीला साबण लागला की ती लाल होते, लिंबू लागलं की परत पिवळी. आठवीत प्रयोग असतो, आणि घरी तर दर रविवारी असतो. हे म्हणतात गोदामात पाऊल टाकलं नाही. गादीवर पूड नसते, तिथे नुसती नमुन्याची हळकुंडं. पूड फक्त गोदामात, आणि तीही पोती फुटल्यावर. ती अंगभर घेऊन हे या सीटवर बसले. अंगावर अण्णांचं रक्त होतं, म्हणून सीट लाल झाल्यावर यांना वाटलं, रक्तच. आणि मग घोळण्याची थाप मारली. भरतेशदादा किंवा लालासाहेब काका असते तर त्यांनी साबण लावलाच नसता, गाडी उन्हात लावली असती! हळदीला साबण लावणारा माणूस म्हणजे ज्यानं जन्मात स्वतःचा शर्ट धुतलेला नाही!"

वाक्य संपायच्या आत त्यानं माझे केस धरले.

माझं कपाळ स्टिअरिंगवर आदळलं. एकदा. दोनदा. त्यानं मला शेजारच्या सीटवर ढकललं, मॅडमच्या पोटात लाथ घातली आणि आत बसला. गाडी सुरू झाल्याचं कळलंसुद्धा नाही, नुसती पुढे सुटली. उघडं दार एका मोटारसायकलला लागून तिला लोळवत गेलं. समोर आवाराचं फाटक, पलीकडे हायवे आणि रविवारच्या गाड्यांची रांग.

"तुझ्या अण्णालापण असंच जास्त कळत होतं," तो दात खात म्हणाला आणि एका हातानं माझा गळा दाबला. अंगठा कंठात रुतला. डोळ्यांपुढे काळं यायला लागलं. पप्पांचं वाक्य आठवलं, डोळं उघडं ठेवायचं.

माझे उघडे होतेच. त्याचेही होते. अर्धं लिंबू अजून माझ्या मुठीत होतं. मी ते त्याच्या डोळ्यात चोळलं, नखांसकट.

तो असा ओरडला की काय सांगू! गाडी वळली आणि फाटकाच्या दगडी खांबावर आदळली. फाडकन एअरबॅगचे फुगे उघडले. माझ्या खांद्यात कळ गेली, तोंडात रक्ताची चव आली. मॅडम धापा टाकत पोचल्या, त्याला कॉलरला धरून बाहेर ओढलं, त्यानं मूठ उगारली तशी त्याच मुठीचा हात पाठीमागे पिळला. काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. मग त्याचं तोंड बॉनेटवर आपटलं.

आता मात्र त्याचा घोळणा खरंच फुटला होता.

६

"काय होता टॉवेलखालचा आकडा?" मॅडमनी बेड्या घालताना विचारलं.

"सोळा हजार," तो रक्त थुंकत म्हणाला. "एक लाख साठ हजारांच्या गाडीला सोळा हजार. त्याला कळलं होतं."

मी गाडीच्या गालिच्याची कड उचकटली, अण्णांनी उचकटली होती तिथेच. आत बोट फिरवलं. राखाडी, बारीक, वाळलेला गाळ. नाकाशी नेलं. सांगलीतलं शेंबडं पोरही हा वास सांगेल. नदीचा गाळ. पुरात बुडालेली गाडी. अण्णांनी तीन महापुरांनंतर स्वतःचं गोदाम धुतलं होतं, त्यांना कोण फसवणार?

त्याच्या कंपनीच्या मालकांनी ती भंगारात काढायला सांगितली होती, असं त्यानंच कबूल केलं. यानं धुऊन, पुसून, नव्या सीटा घालून ती नवी म्हणून लीजवर लावायची ठरवली. पाणी गेलेली बॅटरी चालत्या गाडीत कधीही पेटली असती, आत अण्णा असते, भरतेशदादा असता. अण्णा चार वाजता यार्डाला सांगणार होते. हा साडेतीनला मागच्या गल्लीतून परत आला, विनवायला म्हणे. अण्णा म्हणाले, "माणसं जाळायचा धंदा करतोस व्हय रं?" आणि पाठ फिरवली. पाठ फिरवलेल्या माणसाच्या डोक्यात यानं लोखंड घातलं. ते वळले तेव्हा जबड्यात. खाली पडल्यावर आणखी दोनदा.

गालिच्याखाली कोंबलेला एक चुरगळलेला कागद निघाला. अण्णांच्या खिशातून काढलेला, पेन्सिलीनं लिहिलेला अटींचा कागद. तिथे कोण बघणार, असं वाटलं असणार त्याला. किलोमीटर, टायर, विमा, दंड, बॅटरी. आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित केलेली ओळ. मी ती वाचली आणि मग मात्र रडले.

रविवारी संध्याकाळी पप्पा सुटले. भुवईला सात टाके. चौकीच्या दारात भरतेशदादा उभा होता. त्यानं कमरेचा पट्टा काढला आणि पप्पांच्या हातात दिला.

"मारा काका."

पप्पांनी पट्टा गुंडाळून त्याच्याच खिशात कोंबला. "चल. अण्णांचं सगळं करायचं हाय अजून. गाडी म्या काढतो. जुनीच."

मी मॅडमकडून मागून त्या कागदाचा फोटो घेतला होता. घरी आल्यावर पप्पांना दाखवला. त्यांना जवळचं दिसत नाही, म्हणून मी मोठ्यानं वाचला. "ड्रायव्हर आमचाच. जोतीराम. ही अट मोडली तर गाडी नको."

"परत वाच," पप्पा म्हणाले.

मी मोरीत गेले. दोरीवरचा शर्ट काढला, उरलेलं लिंबू कापलं आणि डागांवर चोळत गेले. एकेक लाल ठिपका पिवळा होत गेला, बाहीवरचा, खिशावरचा, कॉलरचा. फक्त छातीवरचा एक, बोराएवढा, तसाच राहिला. मी पुन्हा चोळलं. तो लालच होता.

"ऱ्हाऊ दे त्यो," मागून पप्पा म्हणाले. "उद्या दुसरा शर्ट घाल."